जैवशाईतील गुठळ्या अशा थांबल्या

छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळ्यात, दुपारी वीज गेली की आमच्या प्रयोगशाळेत जिलेटिन आणि अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा जेल बनवणारा पदार्थ) यांच्या जैवशाईने, म्हणजे जिवंत पेशी मिसळलेल्या जेलने, त्रिमितीय मुद्रकावर छापलेली जाळी पसरून बसे, कारण जिलेटिन तिशीपलीकडच्या तापमानात वितळू लागते. शाईला घट्टपणा यावा म्हणून लॅपोनाइट ही नॅनोचिकणमाती घातली, तर मुद्रकाची सुईच तुंबू लागली. कारण सरळ होते: ही चिकणमाती थेट पेशींच्या क्षारयुक्त माध्यमात मिसळली जात होती आणि क्षारांमुळे तिच्या चकत्या, ज्यांचा व्यास जेमतेम २५ नॅनोमीटर असतो, एकमेकींना चिकटत होत्या. मग ती आधी आयनरहित (क्षार काढलेल्या) पाण्यात, मिश्रण पारदर्शक होईपर्यंत ढवळली. त्यानंतर अल्जिनेट व जिलेटिन, आणि पेशी अगदी शेवटी. आता शाई दाबाखाली पातळ होते, सुईबाहेर पुन्हा आळते आणि अल्जिनेटला पक्के करणारे कॅल्शियम क्लोराइड मिळेपर्यंत जाळी टिकते. पेशींची जिवंतता मात्र दर वेळी स्वतंत्रपणे तपासावी लागते.