शेजारच्या राज्यात गाडी ‘स्वस्त’ पडते? पासिंगआधी या चुका टाळा

“गाडी गुजरातेतून उचल, टॅक्स निम्मा पडतो.” नंदुरबारपासून पालघरपर्यंत हा सल्ला सर्रास मिळतो. निपाणी-चिकोडीकडे उलटं असतं, तिथली मंडळी कोल्हापूरच्या ‘एमएच ०९’ पासिंगकडे डोळे लावून असतात. सांगितलेले टक्के बहुतेक वेळा बरोबर असतात, हिशेब मात्र अर्धवट असतो. त्या अर्धवट हिशेबापायी लोकांचे कष्टाचे पैसे आणि कित्येक महिने अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फी आणि कर एकच समजणे

नोंदणीची फी केंद्राच्या नियमांनी ठरते. खासगी कारला ६०० रुपये, दुचाकीला ३००, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर कारला आणखी १,५००. कोल्हापूर असो, बेळगाव असो की वापी, हे आकडे तेच राहतात. वाहनावरचा कर हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो.

नुसते टक्के बघून थांबणे

शोरूम किंमत ९ लाख असलेली, वैयक्तिक नावावरची पेट्रोल कार धरू. महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ९९ हजार. गुजरातेत ६ टक्क्यांनी साधारण ५४ हजार. कर्नाटकात १४ टक्क्यांनी १ लाख २६ हजार, आणि त्या करावर ११ टक्के सेस (उपकर) धरला की आकडा १ लाख ३९ हजारांच्या पुढे जातो. हा सेस तुलनेच्या तक्त्यांत बहुधा नसतोच.

त्याहून महागात पडते ती टप्प्याची रेषा. दहा लाखांची रेषा ओलांडली की वाढीव दर वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर बसतो. महाराष्ट्रात ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीला १,०८,९०० रुपये कर, तर १० लाख १० हजारांच्या गाडीला १२ टक्क्यांनी १,२१,२००. म्हणजे वरचं मॉडेल वीस हजारांनी महाग, पण त्यापायी कर बारा हजारांनी वाढला. कर्नाटकात याच रेषेवर दर १४ वरून थेट १७ टक्के होतो. राज्य बदलण्यापेक्षा मॉडेल नीट निवडण्यात अनेकदा जास्त बचत असते. डिझेल गाडीला महाराष्ट्रात १३ ते १५ टक्के लागतात, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर सरळ २० टक्के.

तक्ता कधीचा आहे तेही बघा. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढला आणि कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर जाहीर झाला होता, तो मागेही घेतला गेला. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीने लहान गाड्यांच्या किमतीच उतरल्या. त्याआधीचा तक्ता धरून बसलात तर सगळंच चुकेल.

‘१२ महिने चालतं’ या भरवशावर राहणे

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे तुम्ही राहता किंवा धंदा करता आणि गाडी जिथे कायम असते, त्या राज्यात नोंदणी करायची असते. कलम ४७ मधली बारा महिन्यांची मुदत खरोखर राज्य बदललेल्या माणसासाठी आहे. बदलीवर पुण्याला आलेल्या बेळगावकराला ती लागू पडते. मामाच्या सुरतेतल्या पत्त्यावर भाडेकरार दाखवून नवापूरला गाडी फिरवणाऱ्याला ती लागू नाही. तो खोटा पत्ता आहे, आणि तो उघडा पडला की महाराष्ट्राचा कर भरावाच लागतो. वाचलेले ४५ हजार कुठेच राहत नाहीत.

शोरूमच जवळ आहे किंवा डिस्काउंट बरा मिळतोय, म्हणून शेजारच्या राज्यात खरेदी करायला काहीच हरकत नाही. तात्पुरती नोंदणी घ्या, गाडी घरी आणा, कर आपल्या आरटीओत भरा.

एनओसीची घाई आणि रिफंडची ढिलाई

खरंच स्थलांतर असेल तर आधी जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घ्यावी लागते. कर्ज चालू असेल तर बँकेचं पत्र लागतं, ई-चलान बाकी असेल तर तेही आधी भरा. फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात. नंबरावर कागद घट्ट धरून वरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. गंजामुळे किंवा चिखलामुळे एखादा आकडा पुसट आला तर अर्ज परत येऊ शकतो. आधी कापडाने जागा साफ करा आणि दोन-तीन प्रिंट जास्तीचे काढून ठेवा. नव्या राज्यात फॉर्म २७ भरायचा. तिथे कर गाडीचं वय धरून लागतो, पूर्ण नाही.

जुन्या राज्यात भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाची रक्कम परत मागता येते, पण ती आपोआप येत नाही. नवा नंबर पडल्यावर जुन्या आरटीओकडेच अर्ज करावा लागतो. त्यासाठी कराची मूळ पावती आणि जुन्या आरसीची प्रत एनओसीला जाण्याआधीच बाजूला काढा.

वारंवार बदली होणाऱ्या सरकारी नोकरांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या नोकरदारांना, १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच (भारत) ही नंबरांची मालिका खुली आहे. तिथे कर दोन-दोन वर्षांचा भरतात आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. पात्र असाल तर हाच मार्ग धरा. कराच्या पुढच्या हप्त्याची तारीख मात्र लिहून ठेवा.

नंबर बदलला की विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळवा आणि फास्टॅगवरचा नंबरही बदलून घ्या. पॉलिसीवर जुना नंबर राहिला तर अपघाताच्या क्लेमच्या वेळी नाहक खेटे घालावे लागतात.