सेप्टिक शॉकमध्ये अल्ब्युमिन लावताना

सेप्टिक शॉक म्हणजे जंतुसंसर्गामुळे बीपी धोकादायक घसरणं. त्यात आधी अँटिबायोटिक, तेही पहिल्या तासात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, जंतू मारत नाही. ते रक्तवाहिनीतलं पाणी धरून ठेवतं. पण सुरुवात रिंगर लॅक्टेट या सलाईनने, किलोमागे 30 मिली, पहिल्या तीन तासांत. सलाईन भरपूर जाऊनही बीपी टिकत नसेल, तरच डॉक्टर अल्ब्युमिन लिहितात.

20 टक्क्यांच्या 100 मिली बाटलीत 20 ग्रॅम प्रथिन असतं. सोलापुरात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि नातेवाईक बाटली मेडिकलमधून गाडीच्या डिकीत टाकून आणतात. तसं नको. लेबलवरची मर्यादा बहुधा 30 अंशांची असते; थंड पिशवीतून आणायला सांगा. गोठलेली किंवा गढूळ बाटली परत करा.

हलवू नका, फेस येतो. काचेच्या बाटलीला एअर व्हेंटचा (हवा आत सोडणारा) सेट लावा, नाहीतर थेंब थांबतात आणि दोष उगाच सुईला मिळतो. वेग मिनिटाला 1 ते 2 मिली. पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर कधीच नाही, तांबड्या पेशी फुटतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. दम लागला, छातीत घरघर वाढली, की लगेच बंद. फुफ्फुसात पाणी भरतंय. उघडलेली बाटली चार तासांत संपवा. बॅच नंबर केसपेपरवर.