वेरूळचे कैलास लेणे पाहण्याआधी गावातली विहीर पाहावी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून देऊळगाव राजा, जालना या वाटेने घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणारी मंडळी परतताना अर्ध्या तासात लेणी उरकतात, याची मला फार हळहळ वाटते. एकट्या कैलास लेण्याला तीन तास तरी द्यावेत, आणि मंगळवारी लेणी बंद असतात हे ध्यानात घेऊन दिवस ठरवावा.

तयारी गावातच करावी. खडकात खोदलेल्या एखाद्या जुन्या विहिरीपाशी मुलांना नेऊन मुरूम संपून काळा पाषाण कुठे लागला, ते दाखवावे. वेरूळचा डोंगरही याच जातीच्या खडकाचा आहे, आणि आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी तो विहिरीसारखाच वरून खाली खोदत नेला. मात्र विहिरीतला दगड सगळाच बाहेर काढतात, तर येथे मधला दगड राखून त्यातूनच शिखर, मंडप, हत्ती आणि देव घडवले. जास्तीचा निघालेला टवका परत बसवता येत नाही, हे विहिरीच्या काठावर मुलांना चटकन पटते.

वेरूळला पोचल्यावर आधी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढावे आणि काठापासून अंतर राखून शिखर वरून पाहावे, कारण खोदकाम तेथूनच सुरू झाले. मग खाली येऊन आत शिरावे. समोरच्या गजलक्ष्मीपासून डावीकडे वळून प्रदक्षिणा सुरू केली, की उत्तरेला महाभारताचा पट लागतो. मागचा कडा सुमारे ३० मीटर उंच आहे. त्यावरच्या टाकीच्या खुणा, घरच्या पाट्याला टाकी लावताना ज्याने पाहिले आहे, त्याला सांगाव्या लागत नाहीत. दक्षिणेला रामायणाचा पट आहे, त्यात दगड वाहून सेतू बांधणारी वानरे मुलांना शोधायला लावावीत.

सर्वांत जास्त वेळ मात्र त्याच बाजूच्या, कैलास हलवणाऱ्या रावणासाठी राखावा. खालच्या अंधारात डोळे स्थिरावू द्यावेत, म्हणजे खडकापासून जवळजवळ सुटा कोरलेला रावण आणि त्याचे पसरलेले हात उमटू लागतात. नंतर नजर वर न्यावी: पार्वतीने घाबरून शिवाचा दंड धरला आहे, तिच्यामागची दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे, आणि शिव शांत बसला आहे.