न सापडणारा चोर लिहिताना

माझ्या पहिल्या एपिसोडमधला चोर इतका हुशार झाला होता, की त्याला पकडायचा कसा हे मलाच सुचेना. एका क्राइम मालिकेत सहायक लेखिका म्हणून लागून तीनच आठवडे झाले होते. विषय मिळाला तो साधा: शहरात घरफोड्या होतायत, चोर हाताला लागत नाही, दोन अधिकारी मागावर आहेत. मी त्याला काळे हातमोजे घातले, पाइपवरून सातव्या मजल्यावर चढवला आणि प्रत्येक घरात पत्त्याचं एक पान ठेवायला लावलं. आता ते पान आठवलं तरी लाज वाटते.

या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं आधीच सांगते. मालिकेत ‘लेखक’ म्हणजे एक माणूस नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी पानभराची वन-लाइन, म्हणजे कथेचा गोषवारा, जाते, ती चॅनेलकडून दोन-तीनदा परत येते, मग सीनची यादी, मग पटकथा. एका तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात पंचेचाळीसेक मिनिटं राहतात, आणि प्रत्येक ब्रेकआधी प्रेक्षकाने रिमोट खाली ठेवावा असं काहीतरी घडावं लागतं. तुम्ही सुरुवातीला संवाद लिहाल असं वाटत असेल तर विसरा. वर्षभर तुम्ही सीनच्या याद्या कराल आणि दुसऱ्यांच्या एपिसोडमधल्या चुका शोधाल.

घरी मात्र सगळे एकच विचारतात: ‘दया, दरवाजा तोड’ तूच लिहिलंस का? ‘सीआयडी’ १९९८ मध्ये सोनीवर सुरू झाली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, पण नातेवाइकांना तेवढा हिशेब नसतो. शिवाय घरफोडीच्या गोष्टीत पोलीस पोहोचतात तेव्हा दरवाजा आधीच तुटलेला असतो.

माझी गाडी रुळावर आणली ती मैत्रिणीच्या काकांनी. काका पोलिसांतून निवृत्त झालेले, कल्याणला राहतात, आणि उमेदीची बरीच वर्षं डीबीत, म्हणजे पोलीस ठाण्याच्या डिटेक्शनच्या पथकात, काढलेली. मी वही उघडून माझा चोर वाचून दाखवला. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, “हा सोनं विकतो कुठं?”

मी म्हटलं, ते अजून ठरवलं नाहीये.

“मग तू काहीच ठरवलं नाहीस, पोरी. चोर दारात क्वचित सापडतो. सापडतो तो विकताना.”

मग उठून त्यांनी गॅलरीतल्या जुन्या लाकडी कपाटाजवळ नेलं. कपाटाला चांगलं जाड कुलूप होतं. काकांनी कुलपाला हातही लावला नाही, कोयंड्यावर बोट ठेवलं. चारातले दोन स्क्रू सैल, लाकूड भुसभुशीत. “लोक पैसे कुलपावर घालवतात.” पेपरात रोज वाचलेलं ‘कडीकोयंडा उचकटून’ मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या मते या प्रकारच्या कथेची किल्ली आहे. चोर सापडत नाही तो बुद्धीमुळे कमी, हद्दीमुळे जास्त. फोडलेली चार घरं चार पोलीस ठाण्यांच्या हद्दीत आली, की चार ठिकाणी फिर्यादी, चार तपास अधिकारी, चार फायली. प्रत्येकाच्या टेबलावर एखाददुसरी किरकोळ घरफोडी. तो एकच माणूस आहे हे कळायला कुणीतरी चारही पंचनामे शेजारी ठेवावे लागतात.

मी घरी आले आणि पत्त्याचं पान फाडून टाकलं. त्याऐवजी सवय शोधली. सराईत माणूस कपाटाचे खण खालून वर उघडतो. वरून सुरुवात केली तर खालचा बघायला वरचा बंद करावा लागतो. म्हणून माझ्या नव्या मसुद्यात पथकातली एक महिला शिपाई चार पंचनामे वाचते आणि चारही ठिकाणी तेच वाक्य दिसतं: सर्व खण उघड्या अवस्थेत. बस. सातवा मजला नाही, पाइप नाही.

तेव्हा आधी चोर लिहा. तो कुठून बघतो, किती वाजता शिरतो, किती मिनिटं आत असतो, माल कुणाला देतो. हे एका पानावर नीट बसलं की तपास आपोआप उलट्या दिशेने लिहून होतो.

चोर कोण हे प्रेक्षकाला कधी सांगायचं, हाही प्रश्न येईल. ‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेत गुन्हेगार सहसा सुरुवातीलाच दिसायचा आणि गंमत असायची ती तो कसा अडकतो यात. घरफोडीला हेच मानवतं. खुनात ‘कोण’ला वजन असतं. चोर कोण, तर कुणीतरी अनोळखी माणूस, मग शेवटी चेहरा दाखवून कुणाला धक्का बसणार?

बोटांच्या ठशांचा मोह आवरा. १९०२ मध्ये लंडनला हॅरी जॅक्सन नावाचा चोर ओल्या रंगावर उमटलेल्या अंगठ्याच्या ठशावरून दोषी ठरला. ब्रिटनमधला तो असा पहिला खटला, आणि चोरीला काय गेलं होतं तर बिलियर्डचे चेंडू! पण तो सापडला कारण त्याचे ठसे आधीपासून दप्तरी होते. रेकॉर्डवर नसलेल्या माणसाचा ठसा म्हणजे नुसताच ठसा.

कायद्यात मी स्वतः आपटले आहे. सवयीने जुन्या भारतीय दंड संहितेतली घरफोडी-चोरीची कलमं ४५७, ३८० लिहिली, शूटिंग झालं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपली गोष्ट १ जुलै २०२४ नंतरची आहे. त्या दिवसापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांच्या जागी आता ३३१ आणि ३०५. ते वाक्य डबिंगमध्ये बदलावं लागलं आणि ओठ जुळत नाहीत ते अजून दिसतं. तसंच, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून माल निघाला, तर तेवढा भाग चालतो. तेव्हा कानाखाली मारली, ‘हो साहेब’ म्हणाला, संपलं, असा शेवट लिहू नका.

पैशांचं थोडक्यात. करार सहीसाठी येईपर्यंत संवाद पाठवू नका. मी पाठवले, आणि एका निर्मिती संस्थेने सात महिने ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं. गोष्ट बाहेर देण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, ऑनलाइन होते. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्यावर असतो. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, रिटर्न भरायला विसरू नका.

एपिसोड लागला त्या रात्री काकांचा फोन आला. खण त्यांना आवडले, सोनाराचा सीनही. मग म्हणाले, “सगळं ठीक, पण माल जप्त केला तेव्हा पंच कुठं होते?”

पटकथेत दोन पंच होते. सेटवर त्या दिवशी ज्युनिअर आर्टिस्ट कमी पडले, म्हणून कापले होते. हे काकांना कसं सांगायचं ते कळेना, म्हणून म्हटलं, “फ्रेमच्या बाहेर होते, काका.”