नाहुआत्लमध्ये अवयवांची नावं शिकताय? या चुका टाळा

हात म्हणजे 'माइत्ल', पाय म्हणजे 'इक्शित्ल' अशी यादी घोकायला घेतलीत की पहिली चूक तिथेच होते. मेक्सिकोच्या या भाषेत अवयव सहसा सुटा येत नाही, तो कुणाचा हे शब्दातच लागतं. नोमा माझा हात, मोमा तुझा, इमा त्याचा किंवा तिचा. मागचा '-इत्ल' गळतो, म्हणून 'नोमाइत्ल' चूक. आपण नुसतं 'डोकं दुखतंय' म्हणून मोकळे होतो. तिथे 'नेच्कोकोआ नोत्सोन्तेकोन', म्हणजे 'माझं डोकं मला दुखतंय', म्हणायचं आणि त्यातला 'नो-' गाळायचा नाही. सर्वसाधारण शरीराबद्दल बोलायचं असेल तर 'तो-', म्हणजे 'आपला'. फ्लोरेन्टाइन कोडेक्स या 16व्या शतकातल्या नाहुआत्ल हस्तलिखिताच्या दहाव्या भागातही अवयव असेच 'आपले' म्हणून मांडलेत.

'नो-' आणि पुढचा शब्द जिथे जोडले जातात, तिथे बरेच जण अडकतात. 'इक्शित्ल'चा पहिला 'इ' ऱ्हस्व, तो पडतो: नोक्शि. डोळा म्हणजे 'इश्तेलोलोत्लि', त्यातला 'इ' दीर्घ, म्हणून उलट 'नो'चा 'ओ' पडतो: निश्तेलोलो. रोमन लिपीत ही दीर्घता बहुधा दाखवत नाहीत, त्यामुळे जोडलेलं रूपच पाठ करा.

सगळ्यात मजेशीर घोळ मांसाचा. 'नाकात्ल' म्हणजे मांस. मग 'माझं मांस' नोनाक? हो, पण ते ताटातलं! अंगावरचं हवं असेल तर नोनाकायो. हा '-यो' शरीराशी एकजीव असलेल्या गोष्टींना लागतो. रक्त 'एस्त्लि', पण स्वतःच्या अंगातलं नेस्सो. इथे 'य'चा 'स' झालाय. शिवाय 'नाकास्त्लि' म्हणजे कान, त्याचं रूप नोनाकास. नोनाक आणि नोनाकासची गल्लत झाली, तर कान दुखतोय म्हणताना जेवणाचा विषय निघायचा.

अनेकवचन शोधत बसू नका. अभिजात, म्हणजे 16व्या शतकाच्या सुमाराच्या जुन्या नाहुआत्लमध्ये निर्जीव नामांना ते नसतं आणि अवयव त्यातच मोडतात. हात एक असो वा दोन, नोमाच.

रोमन 'एक्स' दिसला की आपण 'क्स' वाचतो, तो 'श' आहे. शेवटच्या '-त्ल'मध्ये स्वर घुसवून 'तल' करू नका.

वरची रूपं अभिजात नाहुआत्लची आहेत. आज बोलली जाणारी नाहुआत्ल एकसारखी नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय देशी भाषा संस्थेच्या 2008च्या सूचीत तिचे 30 प्रकार आहेत. पुएब्लाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात '-त्ल'च्या जागी नुसता '-त' ऐकू येतो. शिकवणारा ज्या गावचा, त्याच गावचे शब्द वहीत उतरवा. दोन प्रकारांचे शब्द एका पानावर नकोत.