बास्केटबॉलमधला कणखरपणा ओळखताना या चुका टाळा

२३ जून २०२५, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि तिकडे ओक्लाहोमा सिटीत एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना सुरू होत होता. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन दुखावलेल्या पोटरीनिशी उतरला. पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याने तीन थ्री-पॉइंटर मारले, ९ गुण केले. मग चेंडू घेऊन पुढे झेपावताना त्याचा उजवा पाय निसटला. तो कोसळला आणि तळहाताने फ्लोअर बडवत राहिला. टाचेमागचा जाड स्नायुबंध, अकिलीस, तुटला होता. सामना ओक्लाहोमा सिटीच्या थंडर संघाने १०३-९१ असा जिंकला.

त्या संध्याकाळी सरावाला आलेली आमची मुलं म्हणत होती, "सर, याला म्हणतात टफ!" मी शाळकरी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. त्यांचा उत्साह मला कळत होता, पण ते त्यातून काय उचलतायत याची धास्तीही वाटली. हॅलिबर्टनचं धाडस खरंच होतं. आपल्याला पश्चात्ताप नाही, असं त्याने नंतर स्वतः लिहिलं. पण तो जाणता, व्यावसायिक खेळाडू होता, डॉक्टर दिमतीला होते, दुखापत सगळ्या जगाला ठाऊक होती आणि समोर विजेतेपदाचा शेवटचा सामना होता. आंतरशालेय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत सुजलेला घोटा मोज्यात लपवणाऱ्या पोराचं तसं नसतं.

चूक पहिली: दुखणं आणि दुखापत एकच समजणं

ही गल्लत जुनी आहे. ८ मे १९७० रोजी न्यूयॉर्क निक्सचा विलिस रीड मांडीचा स्नायू फाटलेला असताना अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात लंगडत मैदानात आला आणि अख्खं मॅडिसन स्क्वेअर गार्डन उठून उभं राहिलं. ती गोष्ट आजही सांगतात. त्या सामन्यात रीडने ४ गुण केले. ३६ गुण आणि १९ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट करून देणारे पास) होते त्याचा सहकारी वॉल्ट फ्रेझियरचे. रीडच्या येण्याने संघाला बळ मिळालं हे खरंच, पण आपण गोष्टीचा अर्धाच भाग पाठ करतो.

२०१९ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केविन ड्युरँट पोटरीच्या दुखापतीमुळे महिनाभर बाहेर बसून अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात परतला. १२ मिनिटांत ११ गुण केले आणि अकिलीस तुटला. पुढचा अख्खा मोसम गेला.

अंग दुखणं हा या खेळाचा भागच आहे. एका मोसमात ८२ सामने खेळायचे म्हणजे दुखणार नाही असं होतच नाही. पण फरक ओळखायला शिकावं लागतं. मी मुलांना चार गोष्टी बघायला सांगतो. वॉर्म-अप केल्यावर दुखणं कमी होतंय की वाढतंय? एका पायावर उड्या मारता येतात का? धावण्याची ढब बदलली आहे का, म्हणजे एक पाय वाचवत धावतोय का? आणि बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, हाडावर, दुखतंय का? यातलं एकही उत्तर वाईट आलं तर त्या दिवशी बाकावर बसायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. अशा वेळी बाहेर बसायलाच खरी छाती लागते, कारण सगळा संघ आपल्याकडे बघत असतो.

आणि कणखरपणा बघायचाच असेल तर वॉरियर्सच्याच क्ले थॉम्पसनकडे बघा. १३ जून २०१९ ला त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट तुटला. तशाच पायावर परत येऊन त्याने फाऊलबद्दल मिळालेले दोन फ्री थ्रो मारले, आणि त्याचीच चित्रफीत सगळीकडे फिरते. मला महत्त्वाचे वाटतात ते त्यानंतरचे ९४१ दिवस. गुडघा सावरत आला तोच २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अकिलीसही तुटला. पुन्हा पहिल्यापासून व्यायाम, पुन्हा एका पायावर तोल धरायला शिकणं, आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही. ९ जानेवारी २०२२ ला तो परतला, जूनमध्ये संघ विजेता झाला.

चूक दुसरी: रग म्हणजे कणखरपणा

छाती पुढे काढून अंगावर धावून जाणारा खेळाडू प्रेक्षकांना आवडतो. पण २०१६ ची अंतिम मालिका आठवा. साखळीत ७३ सामने जिंकलेला वॉरियर्सचा संघ ३-१ असा पुढे. चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सशी झटापट करताना वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचा हात चालला. आधीच्या फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर धसमुसळ्या, फाऊलांत भर पडली आणि पाचव्या सामन्यासाठी तो निलंबित झाला. त्या सामन्यात लेब्रॉन आणि कायरी अर्विंगने प्रत्येकी ४१ गुण केले. मालिका क्लीव्हलँडने ४-३ अशी नेली. हाच ग्रीन सातव्या सामन्यात ३२ गुण आणि १५ रिबाऊंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) घेऊन लढला, म्हणजे हिंमत त्याच्यात काठोकाठ होती. पाचव्या सामन्यात संघाला ती हवी होती तेव्हा तो मैदानात नव्हता.

आपला मुलगा धक्काबुक्की करतो तेव्हा गॅलरीतून "शाब्बास!" ओरडणाऱ्या पालकांना हे मी कळकळीने सांगतो. टोचून बोलणाऱ्याला उत्तर न देता मुकाट बचावाला धावत जाणं अवघड असतं. शाब्बास म्हणायचंच तर तिथे म्हणा.

चूक तिसरी: फक्त गुण मोजणं

शॉट सुटतो तेव्हा सगळ्यांचे डोळे चेंडूकडे वर जातात. चांगला खेळाडू त्या क्षणी आधी आपल्या वाट्याचा प्रतिस्पर्धी शोधतो. वळतो, पाठ आणि कंबर त्याच्या अंगाला भिडवतो, गुडघे वाकवतो, कोपरं रुंद करतो आणि मग वर बघतो. मागचा ढकलत असतो, बरगडीत कोपर बसतं. इतकं करून चेंडू बहुतेकदा दुसऱ्याच्याच हातात पडतो. हा बॉक्स आऊट, म्हणजे हुकलेल्या चेंडूपासून प्रतिस्पर्ध्याला अडवून धरणं. स्कोअरशीटवर त्याला रकाना नसतो. चाळिसाव्या मिनिटाला पाय जड झालेले असताना तो पहिल्या मिनिटासारखाच करणारी मुलगी मला सगळ्यांत कणखर वाटते. प्रशिक्षकांनी एक वही ठेवून बॉक्स आऊट, लूज बॉलवर (कोणाच्याच ताब्यात नसलेल्या चेंडूवर) घेतलेली झेप आणि छातीवर घेतलेले चार्ज (जागेवर उभं राहून झेललेली, धावत येणाऱ्याची धडक) मोजावेत. आठवड्याभरात मुलं ते मागायला लागतात.

चूक चौथी: मनाचं दुखणं गिळून टाकणं

५ नोव्हेंबर २०१७ रोजी अटलांटा हॉक्सविरुद्धच्या सामन्यात क्लीव्हलँडचा केविन लव्ह टाइमआऊटमध्ये अचानक उठून आत गेला. छाती धडधडत होती, श्वास पुरत नव्हता. तपासण्यांत शरीरात काही सापडलं नाही. तो पॅनिक अटॅक होता. त्याने कित्येक महिने हे झाकून ठेवलं. २०१८ च्या फेब्रुवारीत टोरंटो रॅप्टर्सचा खेळाडू डिमार डिरोझन आपल्या नैराश्याबद्दल उघड बोलला, त्यानंतर मार्चमध्ये लव्हने सगळं लिहिलं.

आपल्याकडे सामन्याआधी विचारलं जातं, "खेळशील ना?" त्याला मुलगा "हो सर" याखेरीज काय म्हणणार? मी आता "कुठे दुखतंय, दाखव" असं विचारतो, तर बूट काढून घोटा पुढे करतात. मनाचं मात्र सगळ्यांसमोर विचारत नाही. सराव संपला, बाकीचे पाणी प्यायला गेले की चेंडू गोळा करायला त्या एकाला थांबवून घेतो. चेंडू जाळीत भरता भरता बोलणं निघतं.