जास्वंदाची नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या: माझा अनुभव

लक्षण आधी सांगतो. गॅलरीतल्या १२ इंची कुंडीत जास्वंद, भरपूर कळ्या. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडत गेली, शिरा हिरव्याच. खालची जुनी पाने ठणठणीत.

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले खत) दिले, फरक नाही. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) दिले, तरीही नाही. दोन महिने कळ्या गळताना बघून जीव तुटत होता.

चूक निदानातच होती. मॅग्नेशियम कमी पडले की आधी जुनी पाने पिवळी पडतात, कारण झाड ते तिथून काढून शेंड्याला पुरवते. लोह असे हलत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते. आमचे पाणी बोअरचे, कुंडीच्या काठावर पांढरा थर. पट्टीवर पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ८ आला, म्हणजे अल्कधर्मी. त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना मिळत नव्हते.

मग या क्रमाने केले. पांढऱ्या थरासह वरची इंचभर माती काढली. कुंडीच्या दुप्पट आरओचे पाणी हळूहळू ओतून खालून वाहू दिले (आरओचे टाकाऊ पाणी चालत नाही, त्यात क्षार जास्त). दोन दिवसांनी, संध्याकाळी, लिटरभर पाण्यात १ ग्रॅम ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले) मुळाशी घातले. पाकिटावर प्रकार वाचूनच घ्या. ईडीटीए हा दुसरा प्रकार इतक्या पीएचला टिकत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढीच मात्रा.

तिसऱ्या आठवड्यात नवे पान हिरवेगार आले. आता पाणी पावसाचे किंवा आरओचेच.